हातचा

ताइस्तोच्या घरी कपडे रात्री तीनला धुतले जातात.
तेव्हा वीज स्वस्त असते.
चष्मा कपाळावर सरकवून तो फोनवर तासातासाचा दर बघतो
आणि गजर लावतो,
रात्रपाळीला लावायचो तसाच.

गुरुवारी मी त्याच्याकडे सौनाला जातो. लाकडं मी नेतो.
म्हणतो, माझ्याकडे ठेवायला जागा नाही.
माझी शेड अर्धी रिकामी आहे, हे त्याला खिडकीतून दिसतं.
एका हाताने ओंडका फुटत नाही,
फोडलेलीच लाकडं विकत घ्यावी लागतात,
आणि फोडलेल्याचा भाव दीडपट.
हे कुठल्या तक्त्यात भरायचं?

एक्क्याण्णवचा नोव्हेंबर. तीन नंबरच्या मशीनवर
ओला कागद तुटला, रुळाला गुंडाळत गेला.
ओढून काढताना आधी बाही गेली,
मग बाहीतलं.
एक्केचाळीस वर्षांचा होता.

डॉक्टर म्हणाले, डावा शाबूत आहे.
कचेरीने लिहिलं, हलकं काम करण्यास पात्र.
हलकं काम!
त्या हिवाळ्यात केमी गावात धडधाकट माणसं
फाटकाच्या कुलपाकडे बघत उभी असायची.
तीन अर्ज, तीन नकार, चौथ्याला अर्धा होकार.
सहा महिने वाचनालयात पुस्तकं लावली.
एक हिवाळा शाळेपुढच्या बर्फावर वाळू टाकली, डाव्या हाताने.
मग काही नाही.
मग सिर्काची बेकरीतली पहाट, आणि तिच्या पगारातून
दोघांचं सगळं,
शिल्लक टाकायला म्हणून ठेवलेलं खातंसुद्धा.

पासष्टीला पाकिटं आली, आम्हा दोघांना एकाच आठवड्यात.
त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचली.
वर्षांचा रकाना, पुढे आकडे.
एक्क्याण्णवपर्यंत जुळ्या भावांसारखे,
दोन ठिकाणी तर त्याचाच मोठा, ज्यादा पाळ्यांमुळे.
त्याखाली माझे जाड होत गेलेले.
त्याचे एप्रिलमधल्या नदीवरच्या बर्फासारखे,
दिसतो, पण पाय टाकू नये असा.
मला वाटायचं, अपघात एका रात्रीचा असतो.
हा पंचवीस वर्षं चालू होता, कागदावर, आवाज न करता,
आणि आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला होणार होता.

"हातावर पोट होतं," ताइस्तो म्हणाला,
"आता नुसतं पोट आहे."
सिर्का हसली नाही.

मी जानेवारीत तीन आठवडे स्पेनला जातो. गुडघ्यांना ऊन बरं वाटतं.
तो रात्री नऊनंतर दुकानात जातो,
लाल चिकटी लागलेला मासा घ्यायला.
एकदा भेटला तिथे. टोपलीतलं वरचं पाकीट त्याने उलटं केलं,
आणि आम्ही हवेबद्दल बोललो.

पहिलीत आम्ही एका बाकावर होतो.
बाई बेरीज शिकवताना म्हणायच्या,
हातचा विसरू नका, डोक्यावर बारीक लिहून ठेवा.

ती पाळी माझी होती.
टीव्हीवर हॉकीचा सामना होता. मी विचारलं, बदलतोस का?
तो म्हणाला, एक कॉफी लागू झाली.
कोण जिंकलं ते आठवत नाही.
चौतीस वर्षांत त्याने ती गोष्ट एकदाही काढलेली नाही,
दारू प्यायल्यावरसुद्धा नाही.
काढली असती तर बरं झालं असतं.

या गुरुवारी तो पाण्याची बादली भरायला गेला होता.
टेबलावर वही उघडी होती,
डाव्या हाताचं वाकडं, सुवाच्य अक्षर:

आर्वोचं देणं.
लाकडं. कॉफी. कॉफी. लाकडं.
दाताच्या डॉक्टरांचे, मार्चमध्ये, एकशे ऐंशी.
कॉफी.

खाली पट्टीने मारलेली रेघ.
बेरीज बरोबर होती, मी दोनदा करून पाहिली.
हातचा कुठेच लिहिलेला नव्हता.